वाफशातला श्वास

ऊसतोडीची टोळी फडातून बाहेर पडली की पुढे त्या रानाचे काय होणार, हे पैठण तालुक्यात कुणाला विचारावे लागत नाही. शेवटची मोळी ट्रॉलीत चढते, वाढे जनावरांसाठी जातात, कोप्या उचलल्या जातात आणि मागे गुडघाभर पाचट उरते. मग एखाद्या संध्याकाळी, वारा पडला की, बांधाकडून काडी लावली जाते. बघता बघता एकरभर रान काळे होते. जायकवाडी धरणाच्या डाव्या कालव्याच्या कडेने मार्चमध्ये रात्री जाताना लांबवर अशा जाळाची एकही रांग दिसली नाही, असे मला आठवत नाही.

मी अनेक वर्षे मृदाशास्त्र शिकवले आणि घरचा ऊसही केला. एकदा वर्गात एका मुलाने विचारले, "सर, पाचट जाळलं तरी कर्ब हवेतच जातो. कुजवलं तरी जिवाणू तो खाऊन कर्बवायू सोडतात, असं तुम्हीच सांगता. मग जाळलं काय अन् कुजवलं काय?" प्रश्न बरोबर होता. त्या दिवशी मी दिलेले उत्तर माझे मलाच पुरले नाही. या पुस्तकातली सगळी प्रकरणे त्या एका प्रश्नाच्या मागे लागून लिहिली आहेत.

पुस्तक उघडण्याआधी एक गोष्ट घरी करून पाहा. झाकण घट्ट बसणाऱ्या तीन काचेच्या बरण्या घ्या. पानाच्या डब्यातला चुना पाण्यात ढवळा, खाली बसू द्या आणि वरची नितळ निवळी तीन लहान वाट्यांत ओता. पहिल्या बरणीत रानातली ओलसर दोन मुठी माती घाला आणि तिच्यावर वाटी अलगद ठेवा. दुसरीत तीच माती, पण तव्यावर चांगली भाजून, गार करून, पुन्हा तेवढीच ओली केलेली. तिसरीत माती नको, नुसती वाटी. झाकणे लावून दोन दिवस सावलीत राहू द्या. पहिल्या बरणीतल्या निवळीवर पांढरी साय धरलेली दिसेल. वाटी हलवली की पाणी दुधाळ होईल. भाजलेल्या मातीच्या बरणीत ही साय अगदी पातळ असेल आणि रिकाम्या बरणीत जवळजवळ नसेलच. साय म्हणजे चुनखडी. मातीतल्या जिवांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड चुन्याने धरून ठेवला, त्याचा हा पुरावा. प्रयोगशाळेत चुन्याच्या जागी सोडियम हायड्रॉक्साइड वापरतात आणि शेवटी आम्ल थेंबाथेंबाने घालून मोजणी करतात. हल्ली अवरक्त किरणांवर चालणारी यंत्रे थेट रानात ठेवून मिनिटामिनिटाचा आकडा काढता येतो. तरी प्रत्येक ऊसवाल्याने एकदा ती साय स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी, असा माझा आग्रह आहे. चिमूटभर मातीत कोट्यवधी जिवाणू असतात हे वाक्य शाळेत पाठ होते. ते खरे वाटते ते त्या बरणीसमोर बसल्यावर.

मातीच्या या श्वासाला मृदा श्वसन म्हणतात. त्यात वाटा दोघांचा आहे: पिकाच्या मुळांचा आणि मातीतल्या सूक्ष्मजीवांचा. जगभरच्या जमिनी मिळून वर्षाकाठी जो कर्ब हवेत सोडतात, तो माणूस कोळसा, तेल आणि वायू जाळून सोडतो त्याच्या साधारण आठ-दहा पट भरतो. आकडा ऐकून पोटात गोळा येतो, पण घाबरण्याचे कारण नाही. तेवढाच कर्ब झाडेझुडपे आणि पिके हवेतून पुन्हा ओढून घेत असतात. हे रहाटगाडगे लाखो वर्षे फिरते आहे. काळजी वेगळ्या ठिकाणी आहे. जमिनीच्या वरच्या एक मीटर थरात सुमारे दीड लाख कोटी टन सेंद्रिय कर्ब साठलेला आहे. हवेतला आणि सगळ्या वनस्पतींतला कर्ब एकत्र केला तरी त्याहून हा साठा मोठा. एवढ्या मोठ्या खात्यात जमेपेक्षा खर्च जरासा जास्त झाला तरी हवेत पडणारी भर लहान नसते. आणि शेतकऱ्यापुरते बोलायचे तर हवामान बदलायच्या कितीतरी आधी त्याचे रान थकते.

उसाच्या बाबतीत हे अधिक टोचते, कारण कर्ब ओढण्यात उसासारखे पीक विरळा. वनस्पती हवेतला कर्ब कसा पकडतात याची एक निराळी, जास्त कार्यक्षम वाट शास्त्रज्ञांना सापडली ती उसाच्याच पानात. आधी हवाईत कोर्टशाक यांना तिची चाहूल लागली आणि १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी ती उलगडून दाखवली. आज तिला सी-४ मार्ग म्हणतात. ज्या पिकाच्या अभ्यासातून ही वाट कळली, तेच पीक वर्षानुवर्षे घेणाऱ्या जमिनीत कर्बाची चणचण असावी, हे मला पटत नाही. पण माझ्याकडे लोक जे माती परीक्षणाचे कागद घेऊन येतात, त्यांत सेंद्रिय कर्बाच्या रकान्यात बहुधा 'कमी' लिहिलेले असते, फार तर 'मध्यम'. आपल्याकडच्या प्रतवारीत ०.४० टक्क्यांपर्यंत कमी आणि ०.४१ ते ०.६० मध्यम. शेतकरी नत्र, स्फुरद, पालाश यांचे आकडे विचारतो आणि कागदाची घडी घालतो. कर्बाच्या आकड्यावर बोट ठेवून "हे काय हो?" असे विचारणारे मला थोडेच भेटले.

मुलाच्या प्रश्नाचे उत्तर शोधायला मला एका जुन्या शब्दाने मदत केली. वाफसा. आपल्या भाषेत हा शब्द आहे याचा मला अभिमान वाटतो. पाणी दिल्यावर काही दिवसांनी माती मुठीत दाबली तर गोळा होतो, अंगठ्याने हलकेच रेटला तर तो फुटतो, हाताला चिखल लागत नाही आणि धूळही उडत नाही. ती वेळ वाफशाची. पेरणी, कोळपणी, खत, सगळे वाफसा पाहून करायचे हे आजोबांना ठाऊक होते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत तेव्हा पाणीही असते आणि हवाही. शास्त्राने फार उशिरा मोजले की या पोकळ्यांपैकी साधारण साठ टक्के पाण्याने भरलेल्या असताना सूक्ष्मजीवांचे काम सर्वांत जोरात चालते. त्याहून कोरडी माती झाली की ते निपचित पडतात. जास्त ओली झाली की प्राणवायू तुटतो आणि वेगळ्याच जिवाणूंचे राज्य सुरू होते. म्हणजे वाफसा ही जशी पिकाच्या मुळांची आवडती वेळ, तशीच मातीच्या श्वासाचीही.

आता हा वाफसा पैठणच्या काळ्या रानात आणून ठेवू. लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते १८ ऑक्टोबर १९६५ रोजी जायकवाडीची पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी धरणाचे लोकार्पण केले. डावा कालवा २०८ किलोमीटरचा, उजवा १३२ किलोमीटरचा. त्याआधी गोदाकाठची ही माती विहीर-बागायतीचा अपवाद सोडला तर ज्वारी, बाजरी, कापूस, तूर, करडई यांची. पावसाळा आणि रब्बीची ओल संपली की उन्हाळाभर ती भेगाळून पडून राहायची. भेगा अशा की त्यांत हात कोपरापर्यंत जावा. त्या दिवसांत वरून उन्हाचा कहर असला तरी मातीतले जीव झोपलेले असत, कारण ओल नाही. वर्षातले पाच-सहा महिने कर्बाचा खर्च जवळजवळ बंद. या सक्तीच्या विश्रांतीत काळ्या मातीने आपला कर्ब राखला.

कालवा आला आणि ही झोप गेली. ऊस बारा ते अठरा महिने रानात उभा असतो. खोडवा धरला तर माती दोन-तीन वर्षे सलग ओलीत राहते. एप्रिल-मे महिन्यात पैठणचा पारा चाळिशीपार जातो. तापमान दहा अंशांनी वाढले की कुजण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ नियम आहे. ऊन आणि ओल पूर्वी एकत्र येत नसत, ती आता एकत्र आली. सूक्ष्मजीव बारा महिने जागे आणि बारा महिने भुकेले. भूक वाढली याचे वाईट वाटण्याचे कारण नाही, कारण पाण्यामुळे पीकही कैक पटींनी वाढले. मुळे, पाने, पाचट, सगळे वाढले. घास मोठा झाला आणि ताटही मोठे झाले. मग आपण काय केले? पाणी देऊन त्यांना जागे ठेवले आणि त्यांच्या वाट्याचे जेवण पेटवून दिले.

मुलाच्या प्रश्नाला माझे उत्तर इथे आहे. पाचट जाळले तर त्यातला कर्ब जातोच, पण माती त्यामुळे श्वास घ्यायची थांबत नाही. जिवाणू आणि बुरशी जिवंत आहेत, ओल आहे, ऊब आहे. ताजे अन्न मिळाले नाही की ते मातीतला जुना, पिढ्यान्‌पिढ्यांचा साठा उकरून खातात. पाचट ठेवले तर ते आधी पाचट खातात. त्यातलाही बहुतेक कर्ब वर्षभरात हवेत जातो, हे खरे आहे आणि ते लपवायचे कारण नाही. पण काही भाग त्यांच्या शरीरात शिरतो. ते मरतात, त्यांचे अवशेष चिकणमातीच्या कणांना चिकटतात आणि वर्षानुवर्षे तिथे राहतात. जमिनीतल्या टिकाऊ सेंद्रिय पदार्थाचा मोठा वाटा अशा मेलेल्या सूक्ष्मजीवांचा असतो, हे गेल्या काही वर्षांतल्या संशोधनाने ठळकपणे पुढे आणले आहे. आपल्या काळ्या मातीत चिकणमातीचे प्रमाण भरपूर. धरून ठेवायला तिच्याइतकी जागा फार थोड्या जमिनींत असते. जाळ झाला तर हे मधले सगळे जगणे-मरणे होतच नाही.

थोडा हिशेब मांडतो. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघते. दहा टन धरले तर त्यात साधारण चार टन कर्ब. तो जळाला की चौदा-पंधरा टन कार्बन डायऑक्साइड अर्ध्या तासात वर जातो. नत्र अर्धा टक्का धरले तरी पन्नास किलो होते. दुकानातून ते आणायचे तर युरियाच्या दोन गोण्या पुरत नाहीत, तिसरी फोडावी लागते. जाळात हे नत्र जवळजवळ सगळे उडते. पालाश राखेत उरतो खरा, पण मार्चच्या वावटळीत राख कुणाच्या रानात पडते ते सांगता येत नाही. आता दुसरी बाजू. हेक्टरभर जमिनीच्या वरच्या वीतभर थराचे वजन सुमारे वीस लाख किलो. त्यातला सेंद्रिय कर्ब ०.४० वरून ०.५० वर न्यायचा तर दोन टन कर्ब तिथे टिकायला हवा. पाचटातल्या चार टनांपैकी दहा-पंधरा टक्के टिकला असे धरा. मग चार-पाच वर्षे तरी लागणार, आणि तीही मध्ये एकदाही न जाळता. एका वर्षात कर्ब दुप्पट करून देतो असे म्हणणारा कुणी औषधाची बाटली घेऊन आला, तर हा हिशेब त्याच्यासमोर ठेवा.

पाचट ठेवायचे म्हणजे नुसते पडू द्यायचे नाही. इथेच पुष्कळांचे हात पोळले आहेत. पाचटात कर्ब फार आणि नत्र अगदी थोडे असते. शंभराला एक, किंवा त्याच्या आसपास. जिवाणूंच्या शरीरात हेच प्रमाण आठ-दहाला एक. म्हणजे पाचट खायचे तर त्यांना बाहेरून नत्र हवे, आणि ते मातीतून उचलतात. खोडवा पिवळा पडतो, शेतकरी म्हणतो पाचटाने पीक बसवले, आणि पुढच्या वर्षी पुन्हा काडी. म्हणून शिफारस अशी आहे: एक टन पाचटाला आठ किलो युरिया, दहा किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजवणारे जिवाणू. बुडख्यांवर पडलेले पाचट आधी सरीत ओढायचे, म्हणजे बुडख्यांना ऊन लागून फुटवे जोमाने येतात. उंच राहिलेले बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटायचे. पुढची खते पहारीने भोके घेऊन द्यायची. या शिफारशी नव्या नाहीत. १९३२ मध्ये सुरू झालेले पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र, राहुरीचे कृषी विद्यापीठ, मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट यांनी त्या कितीदा तरी सांगितल्या आहेत. त्यांच्यामागचे कारण मात्र गावात पोचले नाही. आठ किलो युरिया हा उसासाठी नसून जिवाणूंच्या जेवणात घातलेले मीठ आहे, हे एकदा समजले की माणूस तो चुकवत नाही.

एका जूनमध्ये मी अशा खोडव्यात बसून सरीतले पाचट हाताने बाजूला केले. वरची पाने करकरीत वाळलेली, नुकतीच पडल्यासारखी. त्यांच्याखाली ओलसर, तपकिरी, बोटाने चोळले की तुटणारी. त्याखाली पांढऱ्या तंतूंचे जाळे, कापूस पिंजून पसरावा तसे; ती बुरशी. अगदी तळाशी पान आणि माती यांच्यात सीमाच उरलेली नव्हती. गांडुळांच्या विष्ठेचे बारीक दाणे होते, आणि पहिल्या पावसाला येतो तो वास होता. मातीचा हा वास ॲक्टिनोमायसिट्स नावाच्या तंतुमय जिवाणूंमुळे येतो. चार बोटांच्या जाडीत सहा महिन्यांचा इतिहास थरांनी रचून ठेवलेला. बांधापलीकडे जाळलेले रान होते. तिथे माती कडक, वर पापुद्रा आलेली. मी दोन्हीकडची ढेकळे पाण्याच्या तांब्यात सोडली. पलीकडचे लगेच विरघळून गढूळ झाले, अलीकडचे बराच वेळ तसेच राहिले. बुरशीचे तंतू आणि जिवाणूंचा चिकटा कण धरून ठेवतात, हे विद्यार्थ्यांना फळ्यावर शिकवायचे मग मी सोडले. तांब्या घेऊनच वर्गात जाऊ लागलो.

शेतकऱ्यांच्या अडचणी खऱ्या आहेत आणि त्यांना उत्तर दिल्याशिवाय उपदेश करू नये. आमच्याकडचे एक आबा मला म्हणाले होते, "सर, पाचट ठेवलं तर पाणी म्होरं सरकत नाही. पाळी यायची पंधरा-वीस दिसांनी, ती बी रातची. निम्मं रान कोरडं राहिलं तर कुणाला सांगू?" त्यांचे म्हणणे चूक नव्हते. एकाआड एक सरीत पाचट भरून रिकाम्या सरीने पाणी काढले तर हे सुटते; ठिबक असेल तर प्रश्नच राहत नाही. उंदीर होतात, तेही खरे; त्यासाठी बांधावरची बिळे वेळेवर पाहावी लागतात. आगीची भीती सर्वांत मोठी. माझ्याच खोडव्यात दुसऱ्या वर्षीचे पाचट अर्धे कुजले होते आणि शेजारच्या जाळातली एक ठिणगी आली. तासाभरात दीड एकर गेले, ठिबकच्या नळ्यांसह. कुणी मुद्दाम केले नव्हते. त्या रात्री मला कळले की पाचट राखणे एकट्याच्या रानात होत नाही. निदान एका चारीवरच्या सगळ्यांनी मिळून ठरवावे लागते.

पाण्याबद्दल अजून सांगायला हवे. पाळी लांबली की माती तडकते आणि पाणी आले की लोक रात्रभर मोकाट सोडतात. कोरड्या मातीला अचानक पाणी मिळाले की तिच्यातून कर्बवायूचा लोंढा निघतो. पूर्व आफ्रिकेत काम करणाऱ्या बर्च यांनी १९५८ मध्ये हे नीट मांडले, म्हणून शास्त्रात त्याला त्यांचेच नाव आहे. कोरडेपणात मेलेले जीव, फुटलेले कण, सगळे एकदम खायला मिळते. दर पाळीला असा एक लोंढा. आणि सरी तुडुंब भरून राहिली तर दुसरेच संकट. प्राणवायू संपला की काही जिवाणू युरियातून तयार झालेल्या नायट्रेटवर श्वास घेतात आणि त्यातून नायट्रस ऑक्साइड सुटतो. हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवणारा. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे. ते तीन-चार हप्त्यांत, वाफशावर द्यायचे असते. दोन हप्ते एकत्र करून, वर पाणी तुंबवले तर पैसा आणि हवा दोन्ही नासतात. त्यात खालची जमीन चोपण होण्याची वाट मोकळी होते. कालव्याखालच्या अनेक शिवारांत ती झालेली मी पाहिली आहे. माझे मत विचाराल तर पैठणच्या उसात आधी पाणी सुधारले पाहिजे. वाफसा टिकवणारा शेतकरी कर्ब टिकवण्याची निम्मी लढाई न लढताच जिंकतो.

नांगराचे तसेच. १९९० च्या दशकात अमेरिकेत मिनेसोटा राज्यात डॉन रायकोस्की यांनी नांगरटीनंतर लगेच जमिनीवर यंत्र ठेवून मोजले, तेव्हा खोल नांगरटीमागून कर्बवायूचा झोत बाहेर पडताना दिसला. ढेकूळ फुटले की आत जपलेला कर्ब जिवाणूंच्या तोंडाशी येतो. आपल्याकडे कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर कितीतरी वर्षे नांगरणीशिवाय ऊस करून दाखवत आहेत. पिकाची मुळे आणि बुडखे जागेवरच कुजू द्यावेत, जमिनीखालचे अवशेष हेच उत्तम खत, हा त्यांचा सांगावा. त्यांची जमीन आणि पाऊस आपला नाही, काळ्या भारी मातीत पद्धत जशीच्या तशी उचलता येणार नाही. तरी खोडवा मोडताना रोटाव्हेटरच्या तीन पाळ्या घालण्याआधी त्यांचे लेखन वाचावे.

जगात हे कुठे करून झाले आहे का? दक्षिण आफ्रिकेत माउंट एजकोम्ब इथे १९३९ पासून जाळलेला ऊस आणि पाचट राखलेला ऊस शेजारी शेजारी ठेवून प्रयोग चालू आहे. पाचट राखलेल्या वाफ्यांत वरच्या थरात कर्ब आणि सूक्ष्मजीव दोन्ही जास्त भरले. ब्राझीलमध्ये साओ पावलो राज्याने २००२ मध्ये कायदा करून ऊस जाळणे टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतले. तिथल्या संशोधकांनी जाळलेल्या आणि न जाळलेल्या फडांत मातीतून निघणारा कर्बवायू मोजला, तर जाळलेल्या रानाचा श्वास जास्त निघाला. पाचटाखाली माती थंड राहते, हे त्याचे एक कारण. ब्राझीलनेच उसाच्या आत राहून हवेतले नत्र बांधणारा जिवाणू जगाला दिला. योहाना डोबेराइनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये तो वेगळा काढला. आपण बेणे त्याच जिवाणूच्या, म्हणजे ॲसिटोबॅक्टरच्या, द्रावणात अर्धा तास बुडवतो ते त्यांच्या कष्टाचे फळ आहे.

मात्र बाहेरचे आकडे इथे चिकटवायची घाई नको. ब्राझीलमध्ये सी-४ नसलेले जंगल तोडून ऊस लावला, त्यामुळे मातीतला कोणता कर्ब जंगलाचा आणि कोणता उसाचा हे कर्बाच्या दोन समस्थानिकांच्या प्रमाणावरून ओळखता येते. पैठणला ही युक्ती अडते, कारण आपली ज्वारी-बाजरीही उसासारखीच सी-४ आहे. आजोबांच्या ज्वारीचा कर्ब आणि आपल्या उसाचा कर्ब यांची ओळखखूण एकच. शिवाय आपल्या मातीत चुनखडीचे खडे असतात आणि त्यांतही कर्ब असतो. परीक्षणाला नमुना देताना खडे वेचून काढावेत, आणि अहवालातला कर्ब सेंद्रिय आहे ना, याची खात्री करावी. यंत्र सरीत ठेवले की वरंब्यावर, सकाळी की दुपारी, पाण्याआधी की नंतर, यावर आकडा बदलतो. म्हणून या पुस्तकात एकाच दिवसाचा आकडा घेऊन कुठलाही निष्कर्ष काढलेला नाही.

दोन गोष्टींना इथे ओझरता स्पर्श करतो, त्यांची प्रकरणे पुढे आहेत. कारखान्याचे प्रेसमड गाळलेल्या उसाच्या तीन-चार टक्के निघते. ज्या रानातून ऊस गेला त्याच रानात ते कुजवून परत येणे हा न्याय आहे. आणि दुष्काळात नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, उघडा पडतो तेव्हा गाळ वाहणाऱ्या ट्रॅक्टरांच्या रांगा लागतात. त्या गाळात बुडालेल्या गावांची आणि वरच्या शिवारांची माती आहे. हलक्या रानाला तो जरूर घाला. आधीच भारी असलेल्या रानाला नको.

अलीकडे कर्बाचे पैसे देतो म्हणणारे लोकही गावात येऊ लागले आहेत. मी त्यांच्या विरोधात नाही. शेतकऱ्याने हवा स्वच्छ ठेवली तर त्याला मोबदला मिळालाच पाहिजे. पण सही करण्याआधी विचारा: कर्ब कोण मोजणार, किती खोलीपर्यंत मोजणार, किती वर्षे रान बांधले जाणार, आणि मध्येच शेजारच्या ठिणगीने पाचट जळाले तर हिशेब कसा होणार? लेखी उत्तर मिळेपर्यंत थांबा. मातीतला कर्ब आधी तुमच्या रानाच्या उपयोगाचा आहे, पाणी धरायला, खत धरायला, मुळांना मऊ जागा द्यायला. तो विकला गेला नाही तरी वाया जात नाही.

माझी वाचकाकडे एकच मागणी आहे. यंदा खोडवा राखणार असाल तर एक एकर निवडा. तोडणीनंतर, खत घालण्याआधी, त्यातल्या आठ-दहा ठिकाणची वीतभर खोलीची माती एकत्र करून परीक्षणाला द्या. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, बांधालगतचे पाचट चार हात आत ओढा आणि तेवढ्या एकरात काडी लावू नका. या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर सहा ओळी कोऱ्या सोडल्या आहेत. पहिल्या ओळीवर आजची तारीख आणि सेंद्रिय कर्बाचा आकडा लिहा. उरलेल्या पाच ओळी पुढच्या पाच वर्षांच्या आहेत.